पानसरे अण्णा आपल्याला नक्की किती माहीत आहेत?

शिवाजीपेठी

परवा भाच्याला गाडीवर मागं बसवून बिंदू चौकातनं चाललो होतो. सिग्नलला थांबलो तर त्यानं रेड फ्लॅग बिल्डिंगकडं बघितलं आणि मला विचारलं, मामा हे तेच ऑफिस का, ते महाराजांना 'होता' म्हणणाऱ्या माणसाचं? पोरगं अकरावीत आहे, हुशार आहे, कोल्हापुरात जन्मलंय आणि कोल्हापुरातच वाढलंय. आणि त्याला गोविंद पानसरे या माणसाबद्दल एवढीच एक गोष्ट माहीत, की त्यांच्या 'शिवाजी कोण होता?' या पुस्तिकेच्या नावात महाराजांचा उल्लेख एकेरी आहे. कुठनं कळलं विचारलं तर म्हणतंय स्टेटसला आलं होतं.

मला लई लागलं ते. रागवायचं कुणावर, पोरावर तर नाहीच. घरी आल्यावर जेवणाच्या ताटावर बसून जे सांगितलं तेच इथं लिहितोय, आणि जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर सुधारावं, ज्यांना अण्णा पटत नव्हते त्यांनी पण मोकळेपणानं लिहावं. मला एकतर्फी आरती नको आहे.

माणूस मूळचा कोल्हापूरचा नव्हे. नगर जिल्ह्यातलं कोल्हार हे गाव, जन्म २६ नोव्हेंबर १९३३. जमीन सावकाराच्या घशात गेलेली, आई दुसऱ्याच्या रानात रोजगाराला जायची. शिकायला म्हणून कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. पेपर टाकले, नगरपालिकेत शिपाई होते, शिक्षण मंडळाच्या शाळेत मास्तरकी केली, हे सगळं करत राजाराम कॉलेज आणि मग शहाजी लॉ कॉलेज, आणि १९६४ पासून वकिली. कम्युनिस्ट पक्षात त्याच्या कितीतरी आधी, १९५२ लाच. गोवा मुक्ती, संयुक्त महाराष्ट्र, सगळ्यात होते. पुढं भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे, म्हणजे भाकपचे राज्य सचिव. पण मी भाच्याला म्हटलं की बाबा पद-बिद सोड, हा माणूस सकाळी उठून कुणासाठी बाहेर पडायचा ते बघ. फेरीवाले, शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बायका, जातीबाहेर लग्न केलं म्हणून घरातनं हाकललेली पोरं-पोरी. ज्यांच्या मागं कुणी उभं राहत नाही त्यांची संघटना बांधायची, त्यांना संघटनेच्या सभासदत्वाची पावती फाडायला शिकवायचं, रजिस्टरवर नाव घालायचं. हे काम पेपरात छापून येत नाही.

आणि मग १६ फेब्रुवारी २०१५, सोमवार. सकाळचं फिरून पत्नी उमाताईंबरोबर सागरमाळला घराकडं परत येत होते, मोटारसायकलवरनं आलेल्यांनी गोळ्या घातल्या. दोघांवर. उमाताई वाचल्या, अण्णा चार दिवस झुंजले आणि २० तारखेला मुंबईत गेले. ८१ वर्षांचा माणूस. मी त्या दिवशी दुकान उघडलंच नव्हतं, शटरला हात लावून तसाच उभा राहिलो होतो. शेजारचा म्हणाला काय झालं, मला तोंडातनं शब्द फुटेना.

आता सांगा, दहा वर्षांच्या वर झाली. आपण ठेवलं काय त्यांचं? फोटो, घोषणा, आणि 'होता' वरचं भांडण?

गडकिल्ले_वेडा

दादा, मोकळेपणानं लिहा म्हणालात म्हणून लिहितो, राग मानू नका. खून झाला त्याचा मी पहिल्या दिवसापासून निषेध केलाय आणि आत्ता पण करतो, म्हाताऱ्या माणसाला आणि बाईमाणसाला गोळ्या घालणाऱ्याला मी मर्द समजत नाही. पण म्हणून मतभेद संपत नाहीत.

मला ते शीर्षक खटकतं. आजही खटकतं. आमच्या घरात महाराजांचा उल्लेख एकेरी केला तर आजोबा ताटावरनं उठायचे. 'शिवाजी कोण होता?' हे मुखपृष्ठावर वाचलं की आतलं काय आहे ते बघायची इच्छाच होत नाही, आणि ती माझी एकट्याची भावना नाही. इतका शहाणा माणूस, वकील माणूस, त्याला लोकांची ही भावना कळत नसेल असं मला वाटत नाही. मग का केलं?

दुसरं, कोल्हापुरातलं टोलविरोधी आंदोलन. आंदोलन बरोबर होतं, मीही गेलो होतो दोन मोर्चांना. पण नाके जाळले ते? आणि शेवटी टोल गेला तो फुकटात नाही गेला, ठेकेदाराची भरपाई सरकारनं म्हणजे आपणच केली. ह्याची जबाबदारी आंदोलन करणाऱ्यांनी घ्यायला नको का?

तिकटीवरचा

गडकिल्ले भावा, शीर्षकाबद्दल माझं म्हणणं ऐकून तर घे. आपण विठ्ठलाला काय म्हणतो? विठ्ठल उभा आहे. उभे आहेत म्हणतो का? राम वनवासात गेला, कृष्ण गोकुळात वाढला. जोतिबाला चांगभलं घालताना 'अहो जोतिबा' म्हणतोस का तू? अंबाबाईला 'आई धाव गं' म्हणतो. आपल्या मराठीत जो लई जवळचा आणि लई मोठा त्याला एकेरीच हाक जाते. रयतेचा राजा होता तो, रयतेनं 'शिवबा' म्हटलंच की.

आणि ती पुस्तिका आहे केवढी! मूळ भाषण, मग १९८८ साली छापलं. लाखाच्या वर प्रती गेल्यात, कितीतरी भाषांत गेलीय. आत काय आहे? रयतेच्या भाजीच्या देठाला सैन्यानं हात लावू नये ही ताकीद. बाईवर अत्याचार केलेल्या रांझ्याच्या पाटलाला दिलेली शिक्षा, तो पाटील होता, वतनदार होता तरी. शेतसारा कसा लावला, वतनदारांच्या नाड्या कशा आवळल्या. आरमारात दौलतखान होता, कारभारात काझी हैदर होता, म्हणजे लढाई धर्माची नव्हती, राज्याची होती, हे. ह्यात महाराजांचा अपमान कुठं आहे ते पान नंबर सांग, मी इथंच माफी मागतो.

माझ्याकडची प्रत वडिलांची आहे. मुखपृष्ठ फाटलंय, त्यावर ब्राऊन पेपर लावलाय शाळेच्या वहीला लावतात तसा, आणि भाजीच्या देठाच्या वाक्याखाली वडिलांनी निळ्या पेननं रेघ मारलीय. वडील शेतकरी, चौथी शिकलेले. समासात एकच शब्द लिहिलाय त्यांनी, "आणि आता?" सैन्य जाऊन कारखाना, सोसायटी आणि बँक आली एवढंच, देठ अजून जातोयच, असं त्यांना म्हणायचं असणार. वडील गेल्यावर ते पान मी किती वेळा उघडलं असेल सांगता येत नाही.

फुलेवाडीची_सून

टोलचं मी सांगते, कारण आमचं घर नाक्यापासनं हाकेच्या अंतरावर.

शहरातले ४९.९९ किलोमीटरचे रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प, आणि त्यासाठी ३० वर्षं टोल. शहराला चारी बाजूनं नाके. म्हणजे आमच्या सासऱ्यांनी रानातनं दूध घेऊन गावात यायचं तर टोल, पोराला ट्यूशनला सोडायला चारचाकी काढली तर टोल. स्वतःच्या गावात यायला पैसे! आणि रस्ते कसे केले होते ते त्या वेळी ज्यांनी बघितलं त्यांना विचारा. गटारीचं काम अर्धवट, झाडांचं तसंच, पाइपलाइनी आणि केबली हलवायच्या राहिलेल्या. दर्जाची तपासणी झाली पाहिजे ही मागणी टोलविरोधी कृती समितीनं लावून धरली होती आणि ती कागद घेऊन, आकडे घेऊन. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आंदोलन म्हणजे नुसतं ओरडणं नसतंय, करार वाचावा लागतोय. शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर त्या वयात, पायाला त्रास, तरी रस्त्यावर. पानसरे अण्णा त्यांच्या शेजारी. दोन म्हातारी माणसं आणि मागं अख्खं कोल्हापूर, तालमीतली पोरं, रिक्षावाले, व्यापारी, सगळ्या पक्षांचे. आम्ही बायका लाटणी घेऊन गेलेलो.

२०१४ च्या जानेवारीत नाके पेटले ते मला आवडलं नव्हतं. घरात धूर आला होता. त्या नाक्यावर पावत्या फाडणारी पोरं पण आपलीच होती, पोटासाठी उभी होती, त्यातल्या एकाची आई आमच्याकडं भांड्याला यायची. पण ते कुणी समितीची बैठक घेऊन ठरवून केलेलं नव्हतं, लोकांना मंत्र्यांनी शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी वसुली चालूच, त्यातनं भडका उडाला. भरपाईचं म्हणाल तर गडकिल्ले दादा, ३० वर्षं भरत बसलो असतो त्याचा हिशोब पण मांडा की.

मला एकच वाईट वाटतं. टोल रद्द झाल्याचं जाहीर झालं ते २०१५ च्या डिसेंबरात. फटाके वाजले, साखर वाटली. अण्णांना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते.

वकीलबाई

अण्णांच्या खुनाच्या केसचं बऱ्याच जणांना नीट माहीत नसतं म्हणून थोडक्यात. आधी विशेष तपास पथक, मग २०२२ मध्ये तपास दहशतवादविरोधी पथकाकडं, म्हणजे एटीएसकडं. हायकोर्टाची देखरेख कितीतरी वर्षं होती, ती २०२५ च्या जानेवारीत थांबली आणि त्याच महिन्यात सहा आरोपींना जामीन झाला, खटला लांबला हे त्यातलं एक कारण. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाच्या खटल्यात १० मे २०२४ ला पुण्यात निकाल लागला, दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. असे चार खून झाले: दाभोलकर २० ऑगस्ट २०१३, पानसरे फेब्रुवारी २०१५, कलबुर्गी त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये, गौरी लंकेश ५ सप्टेंबर २०१७. दोघं सकाळी फिरायला गेलेले आणि दोघं स्वतःच्या दारात. कोर्टात गोष्ट सिद्ध होईपर्यंत आरोपी तो आरोपीच, म्हणून मी इथं कुणाचं नाव घेणार नाही आणि बाकीच्यांनीही घेऊ नये ही विनंती.

अण्णा वकिलांच्या बारमध्ये आमच्यापेक्षा कितीतरी सीनियर. कोल्हापूरला हायकोर्टाचं खंडपीठ हवं म्हणून वकिलांनी वर्षानुवर्षं लढा दिला, आता ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंच सुरू झालं. पहिल्या दिवशी त्या इमारतीसमोर उभी होते तेव्हा जुन्या कितीतरी काळ्या कोटांची आठवण आली, त्यात ते पण होते.

जातीबाहेर

मी इथं कधी वैयक्तिक लिहीत नाही. आज लिहितो.

आमचं लग्न आंतरजातीय. जात सांगत नाही, दोन्हीकडचे लोक इथं वाचतात. विशेष विवाह कायद्यानं करायचं ठरलं, तर त्यात आधी ३० दिवसांची नोटीस लागते. नाव, पत्ता, सगळं बोर्डावर. ज्या घरापासनं लपवायचं त्याच घराला कळायची सोय! बाराव्या दिवशी तिच्या चुलत्यांच्या ओळखीच्या कुणीतरी बोर्ड वाचला. पुढचे अठरा दिवस आम्ही कसे काढले ते आम्हाला ठाऊक. तिला एका मैत्रिणीच्या मावशीकडं ठेवलेलं, मी एका मित्राच्या वर्कशॉपवर झोपत होतो उद्यमनगरला.

अण्णांच्या पुढाकारानं आंतरजातीय विवाह करणाऱ्यांसाठी जे केंद्र चालायचं त्याच्याशी जोडलेले एक काका आमच्या मदतीला आले. साधा माणूस, सायकलवरनं यायचा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. भाषण दिलं नाही. पहिल्यांदा विचारलं, पगार किती आहे आणि खोली बघितलीय का. मग म्हणाले पोरीचा जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स काढून वेगवेगळ्या ठिकाणी ठेव. मी विचारलं तीन कशाला, तर म्हणाले, घरचे पहिलं कागद फाडत्यात. आणि तसंच झालं. मूळ दाखला तिच्या भावानं फाडला. झेरॉक्स वाचली म्हणून आमचं लग्न वाचलं. साक्षीला तीन माणसं लागतात, तिसरा मिळेना, काकांनीच सही केली.

माझे वडील सहा वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. ते या लोकांना घरं मोडणारे म्हणायचे. त्यांचा राग पण मी समजू शकतो, भावकीत त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं ते नंतर आईनं सांगितलं. आज माझी पोरगी त्यांच्याच मांडीवर बसून जेवते. तरी अण्णांचं नाव निघालं की ते अजून गप्प होतात. मी पण विषय वाढवत नाही.

आपण दसरा चौकात राजर्षी शाहूंच्या पुतळ्याला हार घालतो. शंभर वर्षांपूर्वी त्या राजानं आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला, स्वतःच्या घराण्यात मराठा-धनगर लग्न ठरवलं. आणि त्यांच्याच गावात २०००च्या पुढच्या सालात मी वर्कशॉपच्या पत्र्याखाली लपून झोपलो. अण्णा शाहूंवर बोलायचे, लिहायचे, पण ते नुसते बोलले असते तर त्यांच्याशी कुणाचं वाकडं नव्हतं. त्यांनी ते करायला घेतलं.

शिवाजीपेठी

जातीबाहेर, भावा, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. हे लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. वहिनींना नमस्कार सांग.

उपनगरातली

मला पण एक कबुली द्यायची आहे, कदाचित कुणाला आवडणार नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं. मधल्या काळात कोल्हापुरात पुत्रकामेष्टी यज्ञ होणार म्हणून गाजावाजा झाला आणि पानसरे सरांनी त्याला कडाडून विरोध केला. मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला होता. तुम्हाला काय जातंय, असं वाटलं. डॉक्टर झाले, नवस झाले, वाडी झाली, नृसिंहाची, दर पौर्णिमेला, कोरडा उपास धरून. आशेची एक जागा दिसत होती आणि हा माणूस तिथं आडवा उभा राहिला. देवाला न मानणाऱ्याला आमच्यासारख्या बायकांची ओढ कशी कळणार, असं मी सासूबाईंना म्हटलेलं आठवतं.

माझ्या डोक्यात कधी हा विचारच आला नव्हता की त्या यज्ञाच्या नावातच 'पुत्र' आहे. अपत्य नव्हे, पुत्र. हे मला माझ्या धाकट्या जावेनं दाखवलं. तिला दोन मुली आणि तिसऱ्या वेळी तिला सोनोग्राफीला कुठं तरी नेलं होतं, तिनं मला रात्री भांडी घासताना सांगितलं, नळ जोरात सोडून, की बाहेर ऐकू जाऊ नये. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. एवढा सधन जिल्हा, ऊस, दूध, साखर कारखाने, आणि हजाराला ८३९. त्या आकड्यात माझ्या जावेची ती तिसरी आहे.

तेव्हा मला कळलं ते कशाला आडवे आले होते. राग गेला असं म्हणणार नाही, कारण श्रद्धेबद्दल बोलताना त्यांच्या बाजूची काही माणसं फार तोडून बोलायची, बाई ऐकते आहे, तिचं दुःख खरं आहे याचं भान नसायचं. दाभोलकर सर त्या बाबतीत जास्त मऊ होते असं मला वाटतं. पण मुद्दा त्यांचाच बरोबर होता.

गडकिल्ले_वेडा

ताई, तुमचं वाचून पाणी आलं डोळ्यात. आमच्या भावकीत पण असंच झालंय, कुणी बोलत नाही एवढंच.

तिकटीवरच्या दादांनी पान नंबर मागितला होता. पुस्तिका मिळवली आणि दोन रात्रीत वाचली. आत अपमान नाही. हे मी स्पष्ट कबूल करतो, मी न वाचता बोलत होतो. रांझ्याच्या पाटलाचं आणि सैन्याला दिलेल्या ताकिदीचं तर मी स्वतः गडावर पोरांना सांगतो. पण काही गोष्टी मला एका बाजूनं ओढल्यासारख्या वाटल्या, राज्याभिषेक, महाराजांची देवीवरची भक्ती, ही त्यांच्या हिशोबात लहान होते, माझ्या हिशोबात नाही. आणि विठ्ठलाचा दाखला पटतो पण तरी मुखपृष्ठावर मला तो एकेरी नकोच वाटतो. ते माझ्यात खोल गेलंय. एवढं मला राहू द्या.

जुना_सभासद

राहू दे की बाळ. मतं ठेवूनच माणसं एका मोर्चात चालतात.

मी ७४ वर्षांचा आहे, नातू टाईप करून देतोय. गिरणीत होतो, नंतर लाल बावट्याच्या ऑफिसात बसायचो. 'शिवाजीपेठी' यांनी पावतीबद्दल लिहिलं म्हणून सांगतो. आम्हाला तरुणपणी वाटायचं पावती म्हणजे वर्गणी गोळा करायचं साधन. तसं नव्हतं. एखादी बाई दहा घरची भांडी घासते, तिचं नाव कुठंच लिहिलेलं नसतं. रेशन कार्डावर नवऱ्याचं, घरावर सासऱ्याचं, कामाच्या ठिकाणी तर तिला 'बाई' एवढंच म्हणतात. पावतीवर पहिल्यांदा तिचं पूर्ण नाव लिहिलं जातं. तिच्याकडनं विचारून, अक्षर अक्षर. मी कितीतरी बायका बघितल्यात, पावती घेतली की ती उलटी धरून बघायच्या, वाचता येत नव्हतं, पण घडी घालून ब्लाउजात ठेवायच्या. रुपये दोन असतील, पण फाटू द्यायच्या नाहीत.

२००३ ला अण्णांचा मुलगा अवि गेला. ऐन उमेदीतला, चळवळीतलाच. आम्हाला वाटलं आता म्हातारा मोडला. त्याच्या नावानं व्याख्यानमाला सुरू झाली, शाहू स्मारकला, देशभरातनं वक्ते यायचे, हॉल भरून लोक जिन्यात बसायचे. बापानं मुलाचं असं स्मारक केलं. पुढं २०१५ नंतर उमाताई आणि सूनबाई उभ्या राहिल्या, तेही आपण सगळ्यांनी बघितलं. दर महिन्याच्या २० तारखेला निर्भय मॉर्निंग वॉक निघायचा, मीही काठी घेऊन गेलोय.

आता दुखतं ते सांगतो. आमचंही चुकलं. अण्णा होते तोवर सगळं त्यांच्याकडं घेऊन जायचो, वकिलीचं, भांडणाचं, पोलीस स्टेशनचं. दुसरी फळी तयार करायची म्हणायचो, केली नाही. पोरं भाषणाला येतात, रजिस्टर लिहायला कुणी बसत नाही. फॉर्म भरणं, पाठपुरावा करणं, बाईला चौथ्यांदा त्याच खिडकीवर घेऊन जाणं, याला टाळ्या नाहीत. प्रतिभानगरला अण्णांचं स्मारक झालं, चांगलं झालं. पण माझ्या मनात येतं की त्यांच्या टेबलावरची ती जाड रजिस्टरं कोण चालवतंय.

भांडीवालीची_लेक

आजोबा, मी तुमच्या पाया पडते. तुम्ही जे लिहिलंय ते माझी आई आहे.

आईकडं अजून त्या पावत्या आहेत. दुधाच्या पिशवीत, धुऊन वाळवलेल्या, वरनं रबर. ताराबाई पार्कात आणि नागाळा पार्कात पाच घरची कामं करून तिनं मला बी.कॉम. केलं. मोर्चाला जायची त्या दिवशी एका घरी खाडा पडायचा आणि त्या बाई पगार कापायच्या, तरी जायची. मी चिडायचे, म्हणायचे तुला काय मिळतंय तिथं उन्हात. ती म्हणायची, तिथं मला खाली बसवत न्हाईत.

२००८ ला घरेलू कामगारांचा कायदा झाला, त्यांच्यासाठी कल्याण मंडळ झालं. आईची नोंदणी संघटनेनं करून दिली, कार्ड आलं, फोटोसाठी पहिल्यांदा स्टुडिओत गेली ती, माझी साडी नेसून. आता तिचं वय साठच्या पुढं गेलं, नोंदणीचा विषय संपला. पण आमच्या गल्लीत सात बायका आहेत ज्यांचं कार्ड जुनं होऊन पडलंय, दरवर्षी नूतनीकरण लागतंय ते कुणी केलंच नाही, आणि चार जणींची नोंदणीच नाही. मी दोघींना घेऊन गेले होते. एकदा साहेब नाहीत, एकदा सर्व्हर बंद, एकदा म्हणाले जिथं काम करता त्या मालकाचं सही केलेलं प्रमाणपत्र आणा. हेच अडतंय. घरमालकिणी सही करत नाहीत. त्यांना वाटतं उद्या काही अंगाशी येईल, बाई केस करेल. वीस वर्षं किल्ली जिच्या हातात देतात तिला कागदावर सही देत नाहीत.

मला अण्णांबद्दल वाद घालता येत नाही, मी ती पुस्तकं वाचलेली नाहीत. मला फक्त एवढं विचारायचंय की त्या सह्या कशा मिळवायच्या.

वकीलबाई

ताई, प्रमाणपत्र म्हणजे एवढंच की ही बाई माझ्याकडं काम करते आणि अमुक दिवस केलंय. त्यावर सही केल्यानं मालकिणीवर कोणताही वेगळा बोजा येत नाही. मी साध्या मराठीत अर्ध्या पानाचा मजकूर तयार करून देते, खाली माझा शिक्का आणि फोन नंबर टाकते, कुणाला शंका असेल तर मला फोन करू दे. अकरा जणींचे आधार, रेशन कार्ड, वयाचा पुरावा, दोन फोटो, एवढं एका फाईलमध्ये लाव.

जातीबाहेर

सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स काढा. खर्च माझ्याकडं.

गडकिल्ले_वेडा

ताई, त्या बायका कुठल्या अपार्टमेंटला जातात ते मला मेसेज करा. मी नागाळा पार्कातल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि शेजारच्या दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी माझ्याबरोबर गडावर येतात. पहिली सही आमच्या घरनं, माझ्या बायकोची, आत्ताच विचारलंय तिला. बाकीच्या वहिनींकडं मी स्वतः जातो, रविवारी सकाळी लोक घरी असतात. मात्र मी कुणाच्या झेंड्याखाली येणार नाही, हे आधीच सांगतो.

भांडीवालीची_लेक

झेंडा नको दादा, पेन आणा फक्त. रविवारी दहाला येते. आईला घेऊन येते, सगळ्यांची नावं तिला पाठ आहेत.

जुना_सभासद

माझ्याकडं एक कोरं रजिस्टर पडून आहे, उभ्या रेघांचं. नातवाकडनं पाठवतो. पहिल्या रकान्यात पूर्ण नाव लिहा, बाईचं स्वतःचं, तिला विचारून.

शिवाजीपेठी

भाचा येतोय लिहायला. त्याचं अक्षर चांगलं आहे.